जरा मागं सरका

१

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात लोटूभाऊ बावीस वर्षं उलटा चालत आला होता.

किल्ला पाहायला आलेल्या माणसांकडं तोंड करायचं, बोलत राहायचं, आणि बोलता बोलता मागं मागं जायचं, ही त्याची रीत. बापानं लावलेली. बापही हेच काम करायचा. लोटूसाठी त्यानं मागं काही ठेवलं नाही, पण एवढं मात्र बजावलं होतं की आलेल्या माणसाला पाठ दाखवायची नाही. इतक्या वर्षांत लोटूच्या टाचांना किल्ला ठाऊक झाला होता. कुठं फरशी उखडली आहे, कुठं उंबरा आहे, कुठं पायरी अर्धीच राहिली आहे, ते टाच सांगायची. मान वळवायची गरज पडत नसे.

माणसं मात्र वर्षागणिक वाईट यायला लागली होती, असं लोटूचं मत होतं. नवं राज्य होऊन तीनच महिने झाले होते. देशभर राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या होत्या, आणि ज्याला त्याला आपला देश केवढा आहे ते बघायची हौस आली होती. मद्रासकडचे यायचे, पंजाबातले यायचे, कलकत्त्याचे यायचे. तटावर बसून केळी खायचे आणि साली खाली तापीत टाकायचे. ‘बेगम इथं वारली, मग ताजमहाल इथंच का नाही बांधला?’ हा प्रश्न दिवसातून सहा वेळा. ‘मला नाही विचारलं कोणी,’ असं लोटू मनात म्हणायचा आणि तोंडानं सगळं नीट सांगायचा.

त्यात आता पर्यटन खात्यानं एक टाईप केलेला कागद पाठवला होता. किल्ला दाखवायच्या आधी प्रवाशांना सगळ्या देशाची ओळख करून द्यायची. देशात बर्फाचे डोंगर आहेत, वाळूचं रान आहे, तिन्ही अंगांनी समुद्र आहे, हजारो वर्षांची लेणी आणि देवळं आहेत. लोटू तिसरीपर्यंत शिकलेला. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यानं तो कागद घोकला. जन्मात तो खंडव्याच्या पुढं आणि भुसावळच्या खाली गेला नव्हता. समुद्राकाठी वाढलेल्या मद्रासी माणसाला समुद्र कसा असतो ते सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण घोकल्याशिवाय सुटका नव्हती. खात्याला किल्ल्यावर एक कायमचा वाटाड्या नेमायचा होता आणि गुरुवारी साहेब स्वतः येऊन लोटूचं ऐकणार होते. पसंत पडला तर नेमणूक, आणि नेमणुकीबरोबर राजघाटाजवळ एक खोली. त्या खोलीत नळ होता.

लोटूला नेमणुकीपेक्षा नळ हवा होता. त्याची बायको धुरपदाबाई दोन वर्षांमागं निंबोल्याला केळीच्या मळ्यात घसरून पडली, तेव्हापासून तिची कंबर धरली होती. निंबोल्याची विहीर त्यांच्या घरापासून दोन शेतं लांब. लोटू सकाळी दोन हंडे भरायचा आणि मगच बुऱ्हाणपूरची मोटार धरायचा. पण दोन हंड्यांत दिवस निघत नाही. तिसरा हंडा ती आणायची. बांध धरत, भिंत धरत, अर्धा सांडत. त्याला कधी सांगायची नाही. संध्याकाळी तिच्या पदराची ओल तेवढी त्याला दिसायची.

२

सोमवारी हैदराबादकडचं एक कुटुंब आलं. म्हातारा, म्हातारी, दोन मुलगे, दोन सुना, एक पोर. लोटूनं देश सांगितला, तट दाखवला, मग सगळ्यांना हमामखान्यात आणलं.

हमामखाना म्हणजे बादशाही न्हाणीघर. मधे आठ कोनांचा हौद, कोरडा पडलेला. वर घुमट, घुमटाला झरोके, आणि छतावर अजून टिकलेली रंगीत फुलं. बाकी ठिकाणचा रंग उडाला होता. हौदाच्या पलीकडं उभं राहिलं तरच ती फुलं नीट दाखवता यायची. म्हणून दारातून सात पावलं मागं, मग हौदाला वळसा घालून पाच, तिथं थांबायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, “ऊपर देखिए.” या दोन शब्दांवर मान वर न करणारा माणूस लोटूनं बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

“ऊपर देखिए,” लोटू म्हणाला.

सातांपैकी एकानंही वर पाहिलं नाही.

सगळे लोटूच्या मागं बघत होते. त्याच्या डाव्या कोपराजवळून पलीकडं, ओट्यावर बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. सगळ्यांचे डोळे एकाच जागी. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. धाकट्या सुनेनं डोक्यावर पदर घेतला आणि पोराला जवळ ओढलं.

लोटूनं वळून पाहिलं. भिंतीला लागून दगडी ओटा होता. त्यावर चुन्याचा पोपडा पडला होता. दुसरं काही नव्हतं.

त्याचं डोकं सणकलं. “भाईसाब, छत ऊपर है.”

“हां हां, आप बोलिए. सुन रहे हैं,” म्हातारा हळूच म्हणाला. थोरामोठ्यांच्या पुढ्यात माणूस दबक्या आवाजात बोलतो, तसा.

लोटूनं फुलांचं सगळं सांगितलं. भिंतीला सांगितल्यासारखं. बाहेर उन्हात आल्यावर त्याला राहवलं नाही. “वहां क्या देख रहे थे आप लोग?”

“कहां?” म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडावर खोटं नव्हतं. “हम तो आप ही को देख रहे थे.”

३

“भिकन, माह्या मागं पाह्य बरं,” लोटू म्हणाला. भिकन टांगेवाला. स्टेशनवरून प्रवासी आणायचा आणि ते किल्ल्यात असेपर्यंत दरवाज्याशी घोड्याला चारा घालत बसायचा.

“मागं पाठ हाये.”

“ते कळते मले. कोट फाटला का?”

भिकननं त्याला खांद्याला धरून गोल फिरवलं. “फाटला नाही भो. कंटाळला हाये. लग्नातला ना हा?”

“काही चिकटलं बिकटलं?”

“काही नाही. काहून? पोट्टे हसले का?”

“हसले असते तर बरं होतं,” लोटू म्हणाला.

घरी धुरपदाबाईनं कोट झटकला, उलटा केला, उजेडाला धरला. “काही नाही हो. लोकं काय पाहतात तुमच्या मागं?”

“छत सोडून सगळं पाहतात.”

“तुम्ही बोलता बी लई. मी पण ऐकता ऐकता इकडं तिकडं पाहतेच ना.”

लोटूला हसू आलं. बाई खोटं बोलत नव्हती.

मंगळवारी कलकत्त्याचे चार जण आले. चष्मेवाले, शिकलेले, प्रश्न विचारणारे. हमामखान्यात शिरेपर्यंत चौघंही लोटूला नकोसं करत होते. आत शिरले आणि गप्प झाले. लोटू मागं जात होता आणि त्यांच्या डोळ्यांकडं बघत होता. डोळे आज खाली नव्हते. त्याच्या खांद्यावरून सरळ जात होते. काल जे काही ओट्यावर बसलं होतं, ते आज उभं होतं.

मग त्याला आवाज लक्षात आला.

तो टाच टेकायचा, तसाच दुसऱ्या टाचेचा आवाज मागं व्हायचा. घुमटाखाली आवाज घुमतो, हे लोटू स्वतःच लोकांना टाळी वाजवून दाखवायचा. पण घुमलेला आवाज नंतर येतो. हा अगोदर येत होता. आधी मागची टाच, मग त्याची. आपण वाटेत उभे असताना कोणी न बघता मागं मागं येत असलं की माणूस अदबीनं एकेक पाऊल सरकून वाट देतो, अगदी तसा.

लोटूनं स्वतःलाच रागावून पाहिलं. फरशी पोकळ असेल. वटवाघूळ असेल. वय झालं, कान गेले असतील. पण संध्याकाळी मोटारीत बसल्यावर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि ती काही केल्या जाईना. तो आवाज नवा नव्हता. मागच्या वर्षी होता. पहिल्या वर्षीही होता. किल्ल्याचाच एक आवाज म्हणून त्यानं तो कधी ऐकलाच नव्हता. बावीस वर्षं कोणीतरी त्याच्यासाठी सरकत होतं.

४

बुधवारी त्यानं ठरवलं, उलटं चालायचंच नाही.

त्या दिवशी नागपूरकडच्या शाळांतल्या बाया आल्या होत्या. नऊ मास्तरणी, आणि त्यांच्यातल्याच सुलभाबाई म्हणून एक म्होरक्या होत्या. चांगल्या मराठी बोलणाऱ्या, त्यामुळं लोटूलाही जरा बरं वाटलं. त्यानं देश सांगितला. समुद्र सांगितला. मग त्यांच्याकडं पाठ केली आणि पुढं चालू लागला. बापाची आठवण होऊन कानशिलं तापली, पण चालला.

हमामखाना रिकामा होता. समोर बघत चाललं की दुसरी टाच वाजत नव्हती. सात पावलं, वळसा, पाच पावलं. लोटूचा जीव भांड्यात पडला. हात वर करून तो वळला.

मास्तरणी दारातच उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत एकीचंही पाऊल नव्हतं.

“या ना बाई, आत या.”

“कुठं येऊ?” सुलभाबाई म्हणाल्या. “जागा कुठं आहे?”

लोटूनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. “पन्नास माणसं मावतात इथं.”

थोरांच्या समोर त्यानं भलतीच थट्टा केल्यासारखं सुलभाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्यांचं होऊ द्या आधी. मधेच शिरणं बरं दिसत नाही.”

“कोणाचं होऊ द्या?”

नऊही जणी आल्या वाटेनं, पाठ न फिरवता, मागं मागं सरकत बाहेर गेल्या.

लोटू आत एकटाच राहिला. खोली गप्प होती. मोकळी खोली गप्प असते तशी नाही. आपण बोलायचं थांबलो आणि समोरचा अजून ऐकतोय, अशी. तो झपाट्यानं बाहेर आला.

दरवाज्याशी सुलभाबाई तणतणत होत्या. “एवढ्या लांबून आलो आम्ही, आणि तुम्ही ते रंगीत छताचं न्हाणीघर दाखवलंच नाही की हो!”

“बाई, आत्ता तर…”

“कुठं? तटावरून थेट बाहेर आणलंत. वर आम्हाला पाठ करून चालता! मी खात्याला लिहिणार आहे.”

“लिहा,” लोटू म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मग त्याला निंबोल्याची विहीर आठवली आणि तो हात जोडून म्हणाला, “नका लिहू, बाई. माझी चूक झाली.”

५

गुरुवारी साहेब आले. श्रीकांत नावाचे, तिशीतले, चष्मा लावणारे, भोपाळहून आलेले. बरोबर बायको रजनीबाई, आणि स्टेशनवर भेटले म्हणून चार गुजराती प्रवासी. साहेबांच्या हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि पेन्सिल होती.

“लोटूभाऊ, मी आहे हे विसरा. रोज करता तसंच करा,” साहेब म्हणाले. “आणि छताचं चांगलं सांगा. त्याच्यासाठीच लोक येतील इथं. तेच जमलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, आधीच सांगतो.”

लोटूनं देश सांगायला घेतला. बर्फ झाला, वाळू झाली, समुद्रापाशी तो अडखळला. साहेब हसले. “मीही नाही पाहिला अजून. चालू द्या.” माणूस भला होता. लोटूला वाटलं, कदाचित आज निभेल.

हमामखान्याच्या दारात त्यानं साहेबांकडं तोंड केलं. रोज करता तसंच, म्हणाले होते. पहिलं पाऊल. आधी मागची टाच वाजली, मग त्याची. दुसरं. तिसरं. तो बोलत राहिला, पाणी कुठून यायचं, गरम कसं व्हायचं. सात झाली. वळसा. एक, दोन, तीन.

चौथ्याला मागची टाच वाजली नाही.

लोटूचा पाय अर्धवट उचललेला राहिला. त्यानं तो जिथल्या तिथं ठेवला. कोटातून पाठीला ऊब लागत होती, भरल्या मोटारीत मागच्या माणसाची लागते तशी. मागचं आता सरकत नव्हतं.

साहेबांची पेन्सिल थांबली होती. ते लोटूकडं बघत नव्हते. त्याच्या डोक्यावरून, बरंच वर बघत होते. रजनीबाईंनी दोन्ही हात जोडले होते, आणि आपण ते जोडलेत हे त्यांना माहीत नसावं. झरोक्यातला उजेड साहेबांच्या चष्म्यावर पडला होता. त्या काचेत लोटूला आपण दिसलो, नखाएवढे. आपल्या मागं ओटा दिसायला हवा होता, भिंत दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. त्यांच्या आड काहीतरी होतं, आणि ते काचेच्या वरच्या कडेपर्यंत जाऊनही संपत नव्हतं.

त्यानं डोळे खाली केले.

“पुढं?” साहेब म्हणाले. ते कोणाला म्हणाले, कळलं नाही.

दोन पावलं हवी होती. दोन पावलांवर फुलं होती, नेमणूक होती, नळ होता. लोटूला भीती वाटायला हवी होती. तिच्या आधी त्याला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. केळीच्या साली, ताजमहाल, कधी न पाहिलेला समुद्र, नऊ मास्तरणी, आणि आता हे. पण चिडून बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. मान न वळवता, ओठातल्या ओठात, घरच्या बोलीत तो म्हणाला,

“बाबा, जरा मागं सरका. दोनच पावलं. बायकोची कंबर गेली हाये हो. आजचा दिस एवढं करा.”

ऊब तशीच होती.

“तुमचे उपकार राहतील,” लोटू म्हणाला. आणि मग, कोणाकडं काही मागितलं की शेवटी आपण म्हणतोच, तसं तो सवयीनं म्हणून गेला, “या कधी घरी. निंबोल्याले. चहापाणी घेऊ.”

हे काही बोलावणं नसतं. टांगेवाल्याला म्हणतो, तिकीटबाबूला म्हणतो, रस्त्यात भेटलेल्या माणसाला म्हणतो. कोणी येत नाही.

पाठीवरची ऊब गेली. टाच वाजली. लोटूनं पाऊल टाकलं. पुन्हा वाजली. त्यानं दुसरं टाकलं, हात वर केला.

“ऊपर देखिए.”

सहाही माना वर झाल्या. साहेब कितीतरी वेळ फुलांकडं बघत राहिले. “वा,” ते म्हणाले. “काय रंग आहेत!” आणि कागदावर लिहू लागले.

६

नेमणुकीचा कागद साहेबांनी दरवाज्यातच सही करून दिला. खोली एक तारखेपासून. भिकननं कागद हातात घेतला, उलटा धरला, घोड्याला दाखवला. “पाह्य रे, आपला लोटूभाऊ सरकारी झाला. आता नळाचं पाणी पिऊन जाड होईल, मंग मी त्याले टांग्यात घेणार नाही.”

लोटू तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसला.

निंबोल्याच्या मोटारीत त्याला बसायला मिळालं. बाजारचा दिवस होता, बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या, एक म्हातारा दांडीला लोंबकळत होता. लोटूच्या शेजारची जागा मात्र कोणी घेतली नाही. “बसा ना बाबा,” लोटू म्हाताऱ्याला म्हणाला. म्हाताऱ्यानं त्या जागेकडं पाहिलं आणि अदबीनं मान हलवली. लोटूनं तोंड खिडकीकडं फिरवलं. केळीचे मळे मागं जात होते. किती दिवस हा वैताग, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

घरी पोचला तेव्हा ऊन अंगणात होतं. धुरपदाबाई उंबऱ्यावर बसून डाळीतले खडे वेचत होती. तो अंगणाच्या तोंडाशी असतानाच म्हणाला, “झालं!”

“काय झालं?”

“नेमणूक. एक तारखेपासून खोली.”

“अन् नळ?”

“खोलीतच.”

तिनं तोंडावर हात धरला. डोळे भरून आले. “आता मी बसल्या जागी पाणी घेईन,” ती म्हणाली. “हात लांब केला की पाणी.” लोटूला इतकं गोड वाटलं की दिवसभराचं सगळं अंगावरून उतरलं. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात तिचे डोळे त्याच्या तोंडावरून हलले. खांद्यावरून मागं गेले. मग वर गेले.

भिंत न धरता तिला उठता येत नसे. ती भिंत न धरता उठली. पदर डोक्यावर घेतला.

“अहो, सांगायचं तरी पाहुणे येणार म्हणून,” ती त्याला दबक्या आवाजात रागावली. आणि मग मोठ्यानं, आदरानं, “या ना. उभे का? घर आपलंच आहे.”

“धुरपदे,” लोटू म्हणाला.

ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्या खांद्यावरून पुढं धरला. तिचा हात हलका झाला. लोटूच्या कानाशी पाणी पिण्याचा आवाज आला. घोटामागून घोट, मधे श्वास नाही. हौद कोरडा पडल्यापासून कोणी प्यायलं नसावं, इतका वेळ. तांब्या रिकामा परत आला.

“आणखी?” तिनं विचारलं, आणि कोणी हो म्हटल्यासारखी मान हलवून ती पुन्हा आत गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. लोटू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मागं वळायचं नाही, एवढं एकच त्याला सुचत होतं.

पाचव्या की सहाव्या खेपेला आत हंडा खरवडल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली ती रिकामा हंडा कमरेवर घेऊन, दुखऱ्या बाजूच्याच.

“मी आणतो,” लोटू कसाबसा म्हणाला.

“पाहुण्याले एकटं टाकून? काहीतरीच तुमचं. तुम्ही बसा यांच्यापाशी. मी आले.”

ती बांध धरत निघाली. पहिलं शेत ओलांडेपर्यंत लोटू तिच्या पाठीकडं बघत होता. मागं अंगणात बाज पडली होती. बाजेवर कोणीतरी टेकलं, तशी ती करकरली. मग जरा थांबून आणखी एकदा करकरली. शेजारी बसायला जागा करून द्यावी, तशी.